शेरा

मासेरूहून निघालो तेव्हा पिशवीत एकसष्ट प्रश्न होते
आणि दोन पेनं, एक गोठलं तर दुसरं.
मे महिना. वरच्या खोऱ्यात ऊन उशिरा उतरतं,
माणसं त्याच्या आधी.
दवाखान्याच्या भिंतीला टेकून ब्लँकेटं बसलेली,
प्रत्येकात एकेक खोकला.

बसायला बाक आहे का? आहे.
हात धुवायला पाणी? बादलीत आहे, वर बर्फाचा पापुद्रा.
वजनकाटा? तोही आहे.
"काटा आहे, वजन नाही,"
नर्स न्थातिसी म्हणाली,
"वजन सगळं खाली, सखल भागात.
तिथल्या माणसाचा साधा तापसुद्धा
तीन टेबलं हलवतो."
मी 'आहे'वर खूण केली.

प्रश्न चौतिसावा:
रुग्णाला सरासरी किती वेळ थांबावं लागतं?
"मोजायचा कुठून?"
दारापासून, असं छापलंय.
"मग वीस मिनिटं लिहा.
नदीपासून मोजला
तर हे न्ताते खोथात्सो परवापासून थांबलेत."

न्ताते खोथात्सो हसले. अर्धं हसू खोकल्यानं खाल्लं.
सव्वीस वर्षं वेल्कोमच्या सोन्याखाली,
दरवर्षी छातीचा फोटो, कामाला लायक, शिक्का.
काढून टाकलं त्या वर्षी फोटो नाही.
आता फोटोचं मशीन सहा तासांवर,
ते चालवणारा महिन्यातून दोन मंगळवार.
"आतली धूळ त्यांचीच आहे," ते म्हणाले,
"परत मागायला कुणी येत नाही."
यासाठी रकाना नव्हता.

दुपारी गावसेविका मालिनेओ आली,
ब्लँकेटखालून शाळेची वही काढली.
पुढून आलेल्यांची नावं.
मागून, उलटी धरून, न आलेल्यांची.
मी म्हटलं, न आलेल्यांना आपण मोजत नाही.
"माहीत आहे," ती म्हणाली
आणि वही उघडीच धरली.

फेब्रुवारी. पुलेंग. पहिलटकरीण. रात्रीपासून कळा.

आमच्या कार्यशाळेत साहेब खडू उडवत विचारतात,
नेमकं घोडं अडलं कुठं?
मालिनेओनं लिहिलं होतं:
लिथाबाच्या उतारावर. पाण्यात पाय घालीना.
खाली आणखी एक ओळ, पेन्सिलीची, पुसट:
बाळाचं नाव ठेवलं नव्हतं.

मी घाईनं पान उलटलं, फॉर्मचं.
आठवडाभर आधी येऊन राहायला खोली आहे का?
आहे. चार खाटा, खिडकीला काच.
शेगडी? आहे.
"कोळसा आहे का, ते तुमचा कागद विचारत नाही,"
न्थातिसी म्हणाली. "पोटुशी बाई इथं राहील,
पण रांधील कशावर?"

बेरीज केली. शंभरात त्र्याऐंशी.
आजवर शेऱ्यात एकच शब्द लिहीत आलो: समाधानकारक.
जागाही तेवढीच असते.
या वेळी पुलेंगचं नाव लिहिलं, मग कोळसा,
मग अक्षरं समासात चढली.

मासेरूत टायपिस्ट मुलीचा फोन आला,
साहेब, शेऱ्यात बाईचं नाव कसं?
राहू दे, म्हटलं.
ती जरा थांबली.
मग विचारलं तिनं, आडनाव?

ऑगस्ट सरता सरता न्थातिसीचा निरोप आला:
पोतं मिळालं. कागदावर दोन, दारात एक.
काट्यावर ठेवून पाहिलं,
पन्नासाचं एकोणचाळीस भरलं.
खोलीत दोघीजणी आहेत.
शेगडी चालू आहे.